दाढदुखीचा फोटो

कोरांतीन आयुष्यात एक दिवसही विधवा नव्हती. नवऱ्याच्या आधी गेली, आपल्या घरात, आपल्या अंथरुणात, आणि तिच्या शवपेटीमागून चालताना जाकेझ लहान पोरासारखा रडला. तरी तिच्या हयातीत देशभरच्या लोकांनी तिला विधवा म्हणूनच ओळखलं. कित्येक जण तिच्यासाठी हळहळलेसुद्धा.

महायुद्ध संपून दहाएक वर्षं झाली होती. फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या किनाऱ्यावर पोर्झ-ग्वेन बंदरात पुरुष तारली मासळी धरायला जायचे आणि बायका तीच तारली कारखान्यात डब्यांत भरायच्या. कोरांतीनही भरायची. रुंद हाडाची, पस्तिशीच्या अलीकडची, तोंडाची फटकळ बाई. डोक्यावर इथल्या बायकांची ती हातभर उंच, खळ घालून कडक केलेली लेसची पांढरी टोपी. ती टोपी घालून वाऱ्यात चालायचं तर मान ताठ ठेवावी लागते, म्हणून इथल्या बायका गर्विष्ठ दिसतात. थोड्या असतातही. नवरा जाकेझ मासेमारी बोटीवर खलाशी होता; गुल्वेन त्या बोटीचा तांडेल, म्हणजे प्रमुख. मूलबाळ नव्हतं. घरात सासू पेरीन होती. तिचा नवरा समुद्रानं नेला होता तो नेलाच. पुरायलासुद्धा परत दिला नव्हता.

त्या वसंतात पॅरिसचा एक माणूस आठवडाभर गावात मुक्कामाला होता. मार्सोलिए त्याचं नाव. गावोगाव हिंडायचा आणि माणसांचे फोटो काढायचा. पण कुणाला 'इथं उभे राहा, इकडे बघा' म्हणायचा नाही. बाजारात, चर्चच्या पायऱ्यांवर, दारूच्या दुकानात माणसं आपल्या नादात असली की तो बाजूनं चालत जायचा, आणि तो गेल्यावर ध्यानात यायचं की काहीतरी टिक् वाजलं होतं. पहिले दोन दिवस लोकांनी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं. मग सवय झाली. बंदरातल्या मांजराकडे जितकं लक्ष द्यावं तितकंच त्याच्याकडे देऊ लागले.

तेव्हाच एका दुपारी कोरांतीनची दाढ उसळली. कारखान्यात उभं राहवेना. मुकादमणीनं दाढेखाली धरायला लवंग दिली आणि घरी पाठवलं. घरी जायचं तर सासूसमोर कण्हत बसायचं, म्हणून ती धक्क्याच्या भिंतीवर जाऊन बसली. बोटी अजून परतायच्या होत्या. वारा सुटला होता, समुद्र राखाडी झाला होता. गाल हातात धरून ती बराच वेळ बसून राहिली. बसली आणि उठून घरी गेली, एवढंच. एक माणूस जवळून गेला आणि त्यानं टोपीला हात लावून नमस्कार केला, हेही पुढं तिच्या फारसं लक्षात राहिलं नाही.

उन्हाळ्यात फाँशेत कारखान्यात एक मासिक नाचवत आली. फाँशेत म्हणजे कोरांतीनच्या शेजारी उभी राहून मासे साफ करणारी, आणि गावातली कुठलीही बातमी तिच्या तोंडून दोनदा ऐकावी लागायची.

"अगं कोरांतीन, तू विधवा झालीस आणि आम्हाला कॉफीलासुद्धा बोलावलं नाहीस!"

पानभर फोटो होता. धक्क्याची भिंत, मागं समुद्र, भिंतीवर ती. टोपीच्या रिबिनी वाऱ्यावर. हात मांडीवर पडलेले आणि नजर लांब कुठंतरी. खाली ठळक अक्षरांत एकच शब्द होता: 'विधवा'. त्याखाली, समुद्रानं नेलेल्या माणसाची ती अजून वाट पाहते वगैरे मजकूर.

"दाढ दुखत होती माझी!" कोरांतीन ओरडली, आणि सगळ्या टेबलावर हशा पिकला. बायका मासे टाकून पोट धरून हसल्या. कोरांतीनही हसली.

संध्याकाळी तिनं ते पान घरी नेलं. जाकेझनं बघितलं, नाकातून हवा सोडली आणि म्हणाला, "म्हणजे मी मेलो तर. बरं झालं, उद्या लवकर उठायला नको."

पेरीननं चष्मा लावून तो फोटो खूप वेळ पाहिला. मग पान उलटं करून टेबलावर ठेवलं.

"ही विधवा नाही," ती म्हणाली. "विधवा अशी बघत नाही."

"तेच तर म्हणतेय मी, आई. दाढ होती ती."

पेरीननं सुनेकडे पाहिलं आणि भाकरीला लोणी लावायला घेतलं. कोरांतीन उगाचच चुलीपाशी उठून गेली.

मासिकावर भागलं असतं तर लोक विसरले असते. पण पुढच्या वर्षी त्याच फोटोची पोस्टकार्डं निघाली. तंबाखूच्या दुकानातल्या बोझेकबाईंनी ती दारातच फिरत्या जाळीवर लावली. बाहेरून गाव बघायला येणारे पाहुणे ती विकत घेत, आणि मग विचारत, "ही बाई अजून इथं राहते का?" बोझेकबाई कशाला नाही म्हणताहेत? घराचा रस्ता दाखवायच्या.

मग दारावर थापा पडू लागल्या. एका रविवारी बेल्जियमची एक जाडजूड बाई आली. कोरांतीनचे दोन्ही हात हातात घेऊन डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "माझाही नवरा गेला हो. तुमचा फोटो मी उशाशी ठेवलाय."

तेवढ्यात जाकेझ आतून बनियनवर, तोंडात धिरडं, दारात आला.

"हे कोण?" बाईनं विचारलं.

"मी तो मेलेला," जाकेझ म्हणाला. "या, बसा. कुट्टूच्या पिठाची धिरडी गरम आहेत."

बाईनं हात असे सोडले, जणू कोरांतीननं तिचं पाकीट मारलं होतं. तिनं जाकेझकडे रागानं पाहिलं, त्याच्या जिवंतपणाचा तिला अपमान वाटला असावा, आणि तरातरा निघून गेली. ती गेल्यावर जाकेझ हसला. पण त्याचं हसणं तोवर पहिल्यासारखं उरलं नव्हतं.

कारण बोटीवर कुजबुज सुरू झाली होती. ज्या बोटीवर ससा अपशकुनी म्हणून त्याचं नावसुद्धा काढायची चोरी, तिथं ज्याच्या बायकोचा 'विधवा' म्हणून छापील फोटो अख्ख्या देशात फिरतोय असा खलाशी! एकदा जाळं खडकात अडकून फाटलं. एकदा इंजिन भर समुद्रात बंद पडलं आणि त्यांना ओढून आणावं लागलं. असलं काहीबाही दरवर्षीच होतं. पण आता त्याला कारण सापडलं होतं. एका सकाळी गुल्वेन तांडेल स्वतः घरी आला. टोपी हातात गोल गोल फिरवत उभा राहिला.

"जाकेझ, माझ्या मनात काही नाही रे. देवाशपथ. पण पोरं म्हणतात, ज्याचं सुतक आधीच धरलंय त्याला सोबत कशाला न्यायचं? थोडे दिवस थांब. निवलं की बोलावतो."

"थोडे दिवस म्हणजे?"

"थोडे म्हणजे थोडे."

निवलं नाही. जाकेझ दुसऱ्या तांडेलाकडे गेला, तिसऱ्याकडे गेला. नाही असं कुणी म्हणालं नाही. सगळ्यांचीच बोट भरलेली होती. वयाच्या बाराव्या वर्षापासून समुद्रावर असलेला तो माणूस शेवटी धक्क्यावरच्या बर्फाच्या कारखान्यात लागला. ज्या बोटी त्याला घेत नव्हत्या त्यांनाच तो बर्फ पोचवायचा. लाद्या फोडून फळीवरून उतरवायच्या, आणि बोट सुटली की रिकाम्या फळीवर उभं राहायचं. घरी येऊन तो बोलेनासा झाला. खिडकीपाशी बसायचा, वाऱ्याची दिशा बघायचा, आणि ती बघून करायचं काही नाही हे लक्षात आलं की दारूच्या दुकानात जायचा. कोरांतीनला कधी एक शब्द लावून बोलला नाही. बोलला असता तर तिनं चार ऐकवले असते आणि मोकळी झाली असती. न बोलणाऱ्या माणसाशी भांडणार कसं?

त्यात सरपंचांनी बोलावणं धाडलं. पाहुण्यांसाठी गावाची माहितीपत्रिका निघणार होती.

"उन्हाळ्यात दुपारी तासभर धक्क्यावर बसत जा ना, कोरांतीन. काही करायचं नाही. नुसतं बसायचं."

"आणि जाकेझला कुठं बसवू? पेटीत?"

सरपंच हसले. तिला हसू आलं नाही. घरी परतताना ती धक्क्याच्या रस्त्यानं न जाता मागच्या गल्लीतून गेली, आणि तिथंही बोझेकबाईंच्या मागच्या खिडकीत तिचाच चेहरा डझनानं लावून ठेवलेला होता.

त्या आठवड्यात तिनं सांगून टाकलं, "मी पॅरिसला जाते. त्या माणसाला शोधते."

"शोधून काय करशील?" जाकेझनं विचारलं.

"हे थांबव म्हणून सांगेन."

"छापलेलं थांबतं होय?"

तरी ती गेली. एवढा लांबचा प्रवास तिनं पहिल्यांदाच केला. गाडीच्या छताला टोपी टेकू नये म्हणून ती चढता-उतरता वाकत होती, आणि पॅरिसच्या रस्त्यावर लोक थांबून तिच्याकडे पाहत होते. एकानं कॅमेरा काढला तेव्हा तिनं त्याला गावाकडच्या ब्रेतॉन भाषेत अशी शिवी हासडली की भाषा न कळूनही तो बाजूला झाला. मासिकाच्या कचेरीतून तिनं पत्ता मिळवला. पाचव्या मजल्यावरची एक खोली. कपडे वाळत घालावेत तसे दोरीवर ओले फोटो टांगलेले.

मार्सोलिएनं तिला लगेच ओळखलं. खुर्चीवरचे कागद उचलून तिला बसायला दिलं, आणि ती बोलत होती तोवर मान खाली घालून ऐकत राहिला. बर्फाचा कारखाना, बेल्जियमची बाई, सरपंच, सगळं.

"तो शब्द माझा नव्हे," शेवटी तो म्हणाला. "मासिकवाल्यांनी घातला. मी नुसतं गावाचं नाव लिहिलं होतं. पण मी त्यांना थांबवलं नाही, हे खरं."

"मला विचारलंही नाहीत."

"विचारत नाही मी कुणाला. विचारलं की माणूस निघून जातो, बाई, आणि नुसता चेहरा उरतो."

"मग उरू दे की! तो माझा आहे."

भिंतीवर त्याचे इतर फोटो होते. ती उठून पाहू लागली. कुठल्याशा स्टेशनवर बॅगेवर डोकं ठेवून झोपलेला पाद्री. लग्नाच्या पोशाखात भिंतीला टेकून भराभरा पाव खाणारी नवरी. ट्राममध्ये भांडण झाल्यावर दोन खिडक्यांतून बाहेर बघणारं जोडपं. यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं की आपण इथं टांगलेले आहोत. कोरांतीनला त्यांच्याकडे बघताना चोरून कुणाच्या घरात डोकावल्यासारखं झालं, आणि तरी नजर काढवेना.

मार्सोलिएनं एका डब्यातून लहान लहान फोटोंची एक पट्टी आणून खिडकीशी धरली. "तुमचे दोन घेतले होते मी."

पहिल्यात तिनं गाल हातानं दाबून धरला होता. तोंड वाकडं, एक डोळा मिटलेला, टोपी कलती. कुणीही सांगावं, हिची दाढ दुखते आहे. दुसरा तो जगजाहीर झालेला.

"मग हा का नाही दिलात?" तिनं पहिल्यावर बोट ठेवलं.

"यात दाढ दुखतेय. तेवढंच आहे यात."

"आणि दुसऱ्यात?"

"दुसऱ्यात काय आहे ते तुम्हालाच ठाऊक. मला नुसतं दिसलं."

कोरांतीन खुर्चीवर बसली. आणि ती दुपार तिच्यापुढं जशीच्या तशी उभी राहिली. बोटींना उशीर झाला होता. आधी तिला नेहमीसारखी भीती वाटली. मग, कुठून कोण जाणे, मनात आलं: नाहीच आला तर? पेरीन धाकट्या लेकाकडे जाईल. आपण कँपेर शहरात बहिणीकडे. तिच्या दुकानात टोप्या विकायच्या, स्वतः घालायची नाही. एक लहानशी खोली असेल. तिथं कुणाचे बूट नसतील, माशांचा वास नसेल, आणि वाऱ्याच्या आवाजानं जाग येणार नाही, कारण वारा कुठलाही असो, आपल्याला काय त्याचं? त्या खोलीची खिडकीसुद्धा तिला दिसली होती. तेवढा वेळ दाढ दुखायची थांबली होती. हात आपोआप खाली आला होता. मग लांबवर पहिली बोट दिसली, आणि कळ पुन्हा मस्तकात गेली.

जाकेझ वाईट नवरा नव्हता. त्यानं तिला कधी दुखवलं नव्हतं. म्हणून तर त्या विचाराचा दोष त्याच्या माथी मारायची सोयच नव्हती.

"तो पहिला मला द्या," ती म्हणाली. "मोठा करून."

त्यानं दिला. पोस्टकार्डांचं आता आपल्या हाती नाही, हेही त्यानं सांगितलं. ती भांडली नाही.

गावात परतल्यावर तिनं तो फोटो फाँशेतच्या हातात ठेवला. पुढचं काही करावं लागलं नाही. संध्याकाळपर्यंत तो कारखाना, पाववाला, चर्च असं फिरून बंदरावरच्या दारूच्या दुकानात भिंतीवर चढला. खलाशी येत, बघत आणि खो खो हसत. "ही विधवा? ही तर दातवाल्याकडे निघालीय!" कुणी तिचं वाकडं तोंड करून दाखवायचा. गुल्वेन तांडेल मात्र न हसता ग्लास घेऊन कोपऱ्यात बसला. त्याच्या बोटीला आता कारण दुसरीकडे शोधावं लागणार होतं. नव्या बोटीचा तरुण तांडेल नोएल, जो असल्या गोष्टी तशाही फारशा मानत नव्हता, जाकेझच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "सोमवारी ये. दाढदुखीनं कुणाची बोट बुडाल्याचं मी ऐकलं नाही."

रविवारी दुपारी जाकेझ घरात बसून बुटांना चरबी चोळत होता. चोळताना शीळ घालत होता. कितीतरी महिन्यांनी घरात शीळ ऐकू येत होती. कोरांतीन दारात उभी राहून बघत होती. ज्यासाठी पॅरिसला गेले तेच तर झालं, असं तिनं स्वतःला दोनदा सांगितलं.

"जाऊ नकोस," तिच्या तोंडून निघालं.

"काय?"

"नोएलला नाही म्हणून सांग. बर्फाचा कारखाना काय वाईट आहे?"

जाकेझनं बूट खाली ठेवला. "डोकं फिरलंय का तुझं? माझ्यासाठी तूच पॅरिस पालथं घातलंस ना?"

"घातलं. आता नको म्हणते."

"का पण?"

ती सांगणार नव्हती. पण त्या घरात सांगितल्याशिवाय पाऊल टाकायला वाव उरला नव्हता. तो गेला आणि खरंच परतला नाही, तर तो फोटो खरा ठरणार होता, आणि त्यात काय होतं ते फक्त तिला ठाऊक असणार होतं. तिनं चौकटीला टेकून सगळं सांगितलं. कँपेर, खोली, खिडकी, सगळं. त्याच्याकडे न बघता, एखाद्या परक्या बाईबद्दल सांगावं तसं.

जाकेझनं दुसरा बूट उचलला.

"कारखान्यात बर्फ फोडताना," तो म्हणाला, "मला रोज वाटायचं, तो फोटो खरा असता तर बरं झालं असतं. ही तरी सुटली असती. म्हणजे दोघं एकच विचार करत होतो. तू आधी सुरुवात केलीस, एवढंच."

"हसतोयस काय?"

"मग काय करू? तू जाणार आहेस कँपेरला?"

कोरांतीननं विचार केला. खरोखरच केला; त्या खोलीची खिडकी अजूनही तिला दिसत होती. "नाही," ती म्हणाली.

"मग मी समुद्रावर जातो. माझी खोली ती आहे."

आतल्या खोलीतून पेरीनचा आवाज आला, "तुमचं झालं असेल तर कॉफी कोण ठेवतंय?" ती केव्हापासून ऐकत होती, हे दोघांनीही विचारलं नाही.

सोमवारी जाकेझ गेला, आणि मग म्हातारपणी गुडघ्यांनी दगा देईपर्यंत जात राहिला. पोस्टकार्डं विकली जातच राहिली. दारावर थापा पडत राहिल्या, सरपंच बदलले तरी बोलावणं तेच राहिलं. कोरांतीन धक्क्यावर पुन्हा कधी बसली नाही. वारा चढला, बोटींना उशीर झाला की बाकीच्या बायका शाली घेऊन तिकडे धावायच्या. ती एकटी खिडकीकडे पाठ करून स्वयंपाकघरात बसायची आणि बटाटे सोलायची. मनाला कुठंही जाऊ द्यायचं नाही, नजर सालावर ठेवायची. बाहेर आवाज आले, बूट वाजले, तरी मान वर करायची नाही.

जाकेझ ओलाचिंब आत यायचा आणि टेबलावरचा ढीग बघून म्हणायचा, "एवढे बटाटे? जेवायला कोण कोण आहे?"

"तूच आहेस," ती म्हणायची. "बूट बाहेर काढ."